तीस खुर्च्यांचं सभागृह आणि दीवची एक खुर्ची

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा. माजिवड्याहून निघायचं, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा करत गायमुखापर्यंत जायचं. कुठे होडीत बसायचं नाही, कुठे खाडीपूल ओलांडायचा नाही. तर या सगळ्या वाटेवर तुम्ही मुख्य भूमीवर असता की बेटावर?

आमच्या वर्गात हा प्रश्न टाकला की सगळी मुलं एका सुरात ओरडतात, "मुख्य भूमीवर!" मग आम्ही नकाशा उघडतो. पूर्वेला ठाण्याची खाडी. उत्तरेला उल्हास नदी आणि तीच पुढे होते ती वसईची खाडी. पश्चिमेला अरबी समुद्र. चहूबाजूंनी पाणी! म्हणजे आपला घोडबंदर रोड एका बेटाच्या उत्तर काठाने धावतो. या बेटाचं नाव साष्टी. आज इमारतींच्या आणि पुलांच्या गर्दीत ते बेट वाटत नाही, एवढंच.

आता गंमत ऐका. गोव्यातही एक साष्टी आहे! मडगाव ज्या तालुक्यात येतं, तो सासष्टी तालुका. लोक त्याला साष्टीही म्हणतात. दोन्ही नावं सहासष्ट गावांवरून पडली असं सांगतात. आणि या दोन्ही साष्टींवर एके काळी राज्य होतं ते पोर्तुगीजांचं. आपल्या रोडच्या टोकाला घोडबंदरचा जो किल्ला आहे, तो पोर्तुगीजांनीच बांधलेला. मराठ्यांनी १७३७ मध्ये आपली साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि इथलं पोर्तुगीज राज्य संपलं. गोवा, दमण आणि दीव मात्र त्यांच्याच ताब्यात राहिले, थेट १९६१ पर्यंत.

आजही कुणाला गोव्याहून गाडीने दमणला जायचं असलं, तर पनवेल, ठाणे, मग आपला घोडबंदर रोड आणि पुढे अहमदाबाद हायवे, असा रस्ता धरता येतो. म्हणजे आपण वाटेतच राहतो म्हणा ना! तर या वाटेच्या दोन टोकांना असलेल्या मुलखांचं मिळून एकच सभागृह होतं, त्याची ही गोष्ट आहे. ते सभागृह कसं चालायचं, त्याला काय करता यायचं, काय करता यायचं नाही, आणि त्यातली एक छोटीशी खुर्ची शेवटी कुठे गेली, ते आज पाहू.

तीन तुकडे, एक सभागृह

१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा, दमण आणि दीव मुक्त केले. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट संपली. हे तिन्ही मिळून भारताचा एक केंद्रशासित प्रदेश झाला. केंद्रशासित म्हणजे ज्याचा कारभार दिल्लीचं केंद्र सरकार पाहतं असा प्रदेश.

पण हा प्रदेश होता कसा? नकाशावर बोट ठेवून पाहा. गोवा खाली कोकणाच्या टोकाला. दमण गुजरातच्या किनाऱ्यावर, पणजीपासून सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटर दूर. आणि दीव तर सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला लागून असलेलं एक चिमुकलं बेट, पणजीपासून सहाशे किलोमीटरहून जास्त अंतरावर. दीवचं क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस किलोमीटर. आपल्या रोडच्या कडेला जे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे ना, त्यात असे अडीच दीव मावतील. गोव्यात कोंकणी आणि मराठी, तर दमण-दीवला गुजराती. जोडणारा धागा एकच, तो म्हणजे तिघांचाही एकाच परक्या राजवटीखाली गेलेला काळ.

नुसतं दिल्लीहून अधिकारी पाठवून अशा प्रदेशाचा कारभार चालवता आला असता. पण मग तिथल्या माणसांनी आपलं म्हणणं मांडायचं कुठे? म्हणून १९६३ मध्ये संसदेने केंद्रशासित प्रदेशांच्या शासनाचा कायदा केला. त्या कायद्याने गोवा, दमण आणि दीवला स्वतःची विधानसभा मिळाली. निवडून येणाऱ्या सदस्यांच्या खुर्च्या होत्या तीस. त्याशिवाय केंद्र सरकारला वाटलं तर तिघांपर्यंत सदस्य नेमण्याची सोयही कायद्यात होती.

तीस खुर्च्यांची वाटणी अशी झाली: गोव्याला २८, दमणला १ आणि दीवला १.

९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, ज्याला सगळे 'मगो' म्हणतात, तो आणि त्याचे साथी मिळून १६ जण निवडून आले. युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. लोक त्यांना प्रेमाने 'भाऊसाहेब' म्हणत. विरोधी पक्षनेते होते डॉ. जॅक सिक्वेरा. आणि सभागृहाचं काम चालवायला पहिले सभापती झाले पां. पु. शिरोडकर. महाराष्ट्रात आपण विधानसभेचे 'अध्यक्ष' म्हणतो, गोव्यात 'सभापती' म्हणतात. काम तेच.

९ जानेवारी १९६४ पासून हे सभागृह भरू लागलं. कुठे, माहीत आहे? पणजीला मांडवी नदीच्या काठी आदिलशहाचा जुना राजवाडा आहे, तिथे. पणजी ज्या तालुक्यात येते, त्या तिसवाडीलाही चहूबाजूंनी पाणीच आहे. मांडवी, जुवारी आणि दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा फाटा. पोर्तुगीज या तालुक्याला 'इल्यास' म्हणत. त्याचा अर्थच मुळी 'बेटं'! तर बेटावरच्या त्या राजवाड्यात दूरच्या दीव बेटाचा एक माणूस येऊन बसू लागला.

एकटा माणूस काय करणार?

तुम्ही म्हणाल, तिसांत एक म्हणजे काय? मतदान झालं की २९ विरुद्ध १. त्याचं कोण ऐकणार?

इथेच सभागृह कसं चालतं हे समजून घ्यायला हवं. सभागृहात फक्त हात वर करून मतं मोजत नाहीत. मतं मोजण्याआधी पुष्कळ काही होतं.

दिवसाचं काम साधारणपणे सुरू होतं प्रश्नोत्तरांनी. सदस्य काही दिवस आधी लेखी प्रश्न देतो. ज्या प्रश्नावर तारा म्हणजे फुली असते, तो तारांकित प्रश्न. त्याचं उत्तर मंत्र्याने उभं राहून तोंडी द्यायचं. उत्तर गुळमुळीत वाटलं तर सदस्य लगेच पुरवणी प्रश्न विचारू शकतो. ज्यावर तारा नसतो, तो अतारांकित प्रश्न. त्याचं उत्तर लेखी मिळतं.

समजा, दीवच्या दवाखान्यात डॉक्टर नाही. दीवच्या एखाद्या म्हाताऱ्या आजीने पणजीला पत्र टाकलं, तर ते कुठल्या टेबलावर पडून राहील सांगता येत नाही. पण दीवच्या सदस्याने तारांकित प्रश्न टाकला, 'डॉक्टरची जागा किती महिन्यांपासून रिकामी आहे? ती कधी भरणार?', तर मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं. तेही सगळ्यांसमोर. उत्तर छापलं जातं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतं. मंत्री म्हणाले, 'तीन महिन्यांत भरू', तर चौथ्या महिन्यात तोच सदस्य पुन्हा उभा राहतो. प्रश्न विचारायला बहुमत लागत नाही, बरं का! एक माणूस पुरतो.

आणि छोट्या सभागृहात एकेक मतही भारी असतं. तिसाचं बहुमत म्हणजे सोळा. दोन्हीकडे मतं समसमान झाली तर सभापतींना निर्णायक मत द्यावं लागतं. १९७७ च्या निवडणुकीत मगो पक्षाला बरोबर १५ जागा मिळाल्या होत्या. तेव्हा मुख्यमंत्री होत्या बांदोडकरांच्या कन्या शशिकला काकोडकर, गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. १९७९ मध्ये त्यांच्याच पक्षातले काही आमदार विरोधात गेले आणि सरकार पडलं. ५४३ जणांच्या लोकसभेत दोन-तीन जण इकडचे तिकडे झाले तर बहुतेक वेळा कुणाला पत्ताही लागत नाही. तिसांच्या सभागृहात मात्र तेवढ्याने राज्य बदलतं.

विधेयकाचा प्रवास

आता कायदा कसा होतो ते पाहू. कायद्याच्या कच्च्या मसुद्याला विधेयक म्हणतात. ते सभागृहात तीन पायऱ्या चढतं. पहिल्या वाचनात मंत्री ते मांडतात. दुसऱ्या वाचनात एकेक कलम घेऊन चर्चा होते. कुणी म्हणतं हा शब्द काढा, कुणी म्हणतं हे वाक्य घाला. हीच खरी मेहनतीची पायरी. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयकावर मत घेतात. सभापती विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही'. आवाजावरून ठरत नसेल तर मतं मोजतात. आणि या सगळ्या वेळी सभागृहात निदान एक तृतीयांश सदस्य हजर हवेत. त्याला गणपूर्ती म्हणतात. ती नसेल तर काम थांबतं.

हे सगळं कंटाळवाणं वाटतं का? मग त्यातून काय निघालं ते ऐका.

गोव्यात जमीनदाराला भाटकार म्हणतात आणि त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्याला मुंडकार. मुंडकाराचं घर पिढ्यान्पिढ्या तिथे असे, पण खालची जमीन त्याची नसे. भाटकाराची मर्जी फिरली की 'चालता हो' म्हणायला वेळ लागत नसे. या तीस खुर्च्यांच्या सभागृहाने १९७५ मध्ये मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा केला. मुंडकाराला मनमानीने घराबाहेर काढायला बंदी आली. ठरावीक किंमत देऊन घर आणि भोवतालची थोडी जागा विकत घेण्याचा हक्कही त्याला मिळाला. त्याआधी १९६४ मध्ये शेतीच्या कुळांसाठीही असाच कायदा याच सभागृहाने केला होता.

म्हणजे मसुदा, कलम, दुरुस्ती, 'होय', 'नाही' या सगळ्या खटाटोपाच्या शेवटी एखाद्या घरातली आई रात्री निर्धास्त झोपू शकली. सभागृह असतं ते यासाठी.

लक्ष्मणरेषा

पण या सभागृहाला सगळंच करता येत होतं असं नाही. त्याच्याभोवती एक लक्ष्मणरेषा होती.

सैन्य, रेल्वे, टपाल, परदेशांशी संबंध हे विषय दिल्लीचे. शेती, शाळा, दवाखाने, रस्ते अशा विषयांवर विधानसभेला कायदे करता येत. पण त्याच विषयावर संसदेने वेगळा कायदा केला, तर संसदेचा चाले. विधेयक पास झालं की ते नायब राज्यपालांकडे जाई. ते संमती देत, किंवा नाकारत, किंवा 'पुन्हा विचार करा' म्हणून परत पाठवत, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवत. कर बसवायचा किंवा सरकारी पैसा खर्च करायचा असं विधेयक असेल, तर ते मांडण्याआधीच नायब राज्यपालांची शिफारस लागे. मुख्यमंत्री आणि नायब राज्यपाल यांचं पटलं नाही तर वाद राष्ट्रपतींकडे, म्हणजे दिल्लीला जाई.

घरातलं उदाहरण द्यायचं तर असं: आईने सांगितलं, 'तुमची खोली तुम्ही लावा. कपाट कुठे, टेबल कुठे, तुमचं तुम्ही ठरवा. पण भिंत पाडायची असेल तर मला विचारा. आणि खोली कुणाला द्यायची ते मी ठरवणार.' या शेवटच्या वाक्याकडे नीट लक्ष ठेवा. पुढे ते आपल्याला लागणार आहे.

फूल की दोन पानं?

एक प्रश्न मात्र असा उभा राहिला की त्याने सगळा गोवा ढवळून निघाला. गोव्याने महाराष्ट्रात सामील व्हायचं, की वेगळं राहायचं?

बांदोडकरांचा पक्ष म्हणत होता, महाराष्ट्रात सामील होऊ. सिक्वेरांचा पक्ष म्हणत होता, गोवा वेगळा राहू दे. घराघरांत वाद झाले. १९६५ मध्ये सभागृहात विलीनीकरणाचा ठराव बहुमताने पासही झाला. हिशेब सोपा होता, मगोचे सदस्य जास्त होते.

पण मग प्रश्न आला: एवढी मोठी गोष्ट सभागृहातल्या सोळा-सतरा माणसांनी ठरवायची का? लोकांनी त्यांना निवडून दिलं ते कारभार करायला. प्रदेश ठेवायचा की मिटवायचा, हे लोकांनाच थेट विचारायला नको का? सिक्वेरा आणि त्यांच्या साथीदारांनी हाच आग्रह धरला. शेवटी डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती: विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळं राहण्यासाठी दोन पानं. गोव्यात फुलाला १,३८,१७० मतं पडली आणि दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. गोवा केंद्रशासित राहिला. दमण आणि दीव यांच्यापुढे गुजरातचा पर्याय ठेवला होता. तेही केंद्रशासितच राहिले.

आता पुढची गंमत पाहा. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली. ज्या पक्षाचं म्हणणं लोकांनी नाकारलं होतं, तोच मगो पक्ष पुन्हा १६ जागा घेऊन आला आणि बांदोडकरच पुन्हा मुख्यमंत्री झाले! लोक गोंधळले होते का? मुळीच नाही. त्यांना दोन वेगळे प्रश्न विचारले होते आणि त्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली. 'आमचं घर आम्हाला वेगळं हवं', हे एक उत्तर. 'कारभार मात्र भाऊसाहेबांनीच करावा', हे दुसरं.

दूर उत्तरेतलं एक भावंड

या सभागृहासारखंच आणखी एक सभागृह जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याच्याकडे पाहिलं म्हणजे आपल्या गोष्टीचा शेवट नीट कळेल. म्हणून जरा युरोपात जाऊन येऊ.

स्वीडन आणि फिनलंड या दोन देशांच्या मधल्या समुद्रात ओलांड नावाचा बेटांचा समूह आहे. लोकसंख्या सुमारे ३० हजार. म्हणजे घोडबंदर रोडवरच्या मोठमोठ्या संकुलांपैकी थोडी एकत्र केली तर तेवढी माणसं सहज भरतील. हे लोक स्वीडिश बोलतात, पण बेटं आहेत फिनलंडची. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला तेव्हा ओलांडच्या लोकांना स्वीडनमध्ये जायचं होतं. भांडण राष्ट्रसंघापुढे गेलं. १९२१ मध्ये निर्णय लागला: बेटं फिनलंडचीच राहतील, पण तिथली भाषा आणि रीतिभाती जपायची हमी फिनलंडने द्यायची. ९ जून १९२२ रोजी ओलांडची स्वतःची संसद पहिल्यांदा भरली. तिला 'लागटिंग' म्हणतात. तिच्यात खुर्च्या किती, ओळखा पाहू? तीस!

दर चार वर्षांनी निवडणूक होते. शाळा, दवाखाने, पोलीस, टपाल यांचे कायदे लागटिंग करते. ओलांडचा स्वतःचा झेंडा आहे, स्वतःची टपाल तिकिटं आहेत. परराष्ट्र व्यवहार आणि बहुतेक न्यायालयं फिनलंडकडे. लागटिंगने केलेला कायदा दोन्हीकडचे प्रतिनिधी असलेलं एक मंडळ तपासतं. तो अधिकाराबाहेर जात असेल किंवा देशाच्या सुरक्षिततेला बाधा आणत असेल, तरच फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष चार महिन्यांच्या आत तो रद्द करू शकतात. 'मला आवडला नाही' हे कारण चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ओलांडला हे अधिकार ज्या कायद्याने मिळाले, तो कायदा फिनलंडच्या संसदेला एकटीने बदलता येत नाही. लागटिंगनेही दोन तृतीयांश मतांनी 'होय' म्हणावं लागतं. म्हणजे खोली कुणाला द्यायची हे आई एकटी ठरवू शकत नाही. मुलांनाही विचारावं लागतं.

दीवची खुर्ची कुठे गेली?

गोवा, दमण आणि दीवच्या विधानसभेला अशी हमी नव्हती. ती संसदेच्या साध्या कायद्याने आली होती, आणि संसदेच्या कायद्याने बदलू शकत होती.

१९८० नंतर गोव्यात पूर्ण राज्याच्या दर्जाची मागणी वाढली. कोंकणी राजभाषा व्हावी म्हणून मोठं आंदोलन झालं. त्यात माणसांचे जीवही गेले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने राजभाषेचा कायदा केला. गोव्यात कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही तरतूद झाली, आणि दमण-दीवसाठी गुजरातीची. पाहा, एकाच कायद्यात तीन भाषा! तिन्ही तुकड्यांची माणसं एका सभागृहात बसत होती, म्हणूनच तिथे तिघांचीही आठवण ठेवावी लागली.

त्याच वर्षी ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचं पंचविसावं राज्य झालं. गोव्यात आनंद झाला, आणि तो रास्तच होता. लक्ष्मणरेषा पुष्कळ मागे सरकली. नायब राज्यपालांच्या जागी राज्यपाल आले. १९८९ पासून गोव्याच्या विधानसभेत ४० सदस्य निवडून येतात आणि २००० पासून ती मांडवीपलीकडे पर्वरीच्या नव्या इमारतीत भरते.

पण दमण आणि दीव? ते गोव्याबरोबर राज्य झाले नाहीत. दोघांचा मिळून वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला आणि त्याला विधानसभा मिळाली नाही. लोकसभेत त्यांना एक खासदार मिळाला. कारभार दिल्लीने नेमलेले प्रशासक पाहू लागले. २६ जानेवारी २०२० पासून दादरा आणि नगर हवेलीही त्यांच्याबरोबर जोडली गेली. विधानसभा आजही नाही.

दीवची ती एक खुर्ची अशी गेली. कुणी ती मोडली नाही, कुणी चोरली नाही. ज्या सभागृहात ती होती, त्या सभागृहाचं दार दीवच्या बाजूने बंद झालं. दीवला रस्ते आहेत, शाळा आहेत, दवाखाना आहे, जिल्हा पंचायतही आहे. पण तारांकित प्रश्न टाकून 'डॉक्टरची जागा कधी भरणार?' असं मंत्र्याला उभं करणारा आपला आमदार नाही. कारभार चांगला असेलही. पण चांगला नसेल तेव्हा विचारायचं कुणी? खरा फरक इथे आहे.

आपल्या रोडवरचं सभागृह

हे सगळं दूरचं वाटतं ना? मग आपल्या रोडवर या. विधानसभेसाठी आपल्या भागातला मोठा पट्टा ओवळा-माजिवडा मतदारसंघात येतो. महाराष्ट्राच्या २८८ खुर्च्यांपैकी ती एक. रस्त्यावरचे दिवे, नळाचं पाणी, कचरा, बाग यांचं पाहते ठाणे महानगरपालिका. ती १९८२ मध्ये स्थापन झाली. तिच्या सभागृहाला महासभा म्हणतात. २०१७ च्या निवडणुकीत तिथे १३१ नगरसेवक होते. आणि गायमुखाच्या पुढे गेलात की घोडबंदर गाव आणि किल्ला मीरा-भाईंदर महानगरपालिकेत! रस्ता एक, सभागृहं दोन.

मार्च २०२२ मध्ये ठाण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक लगेच झाली नाही. जवळजवळ चार वर्षं महापालिकेचा कारभार प्रशासकांनी पाहिला. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि पुन्हा नगरसेवक आले. मधल्या काळात दिवे लागत होते, पाणी येत होतं, कचऱ्याची गाडी येत होती. मग फरक काय पडला? घरी मोठ्यांना विचारून पाहा. 'त्या वर्षांत आपल्या वॉर्डातली तक्रार घेऊन तुम्ही कुणाकडे जात होतात? महासभेत ती कोण मांडत होतं?' त्यांचं उत्तर ऐकलंत की दीवची गोष्ट तुम्हाला आणखी नीट कळेल.

करून पाहा

मे महिन्याच्या सुट्टीत किंवा शाळेत मोकळ्या तासाला हा खेळ खेळा. तीस मुलं घ्या. सोसायटीच्या आवारातही चालेल.

अठ्ठावीस मुलं 'गोवा', एक 'दमण' आणि एक 'दीव'. एकाला सभापती निवडा. दोन पक्ष करा, त्यातून मुख्यमंत्री आणि विरोधी पक्षनेता ठरवा. विषय आपल्याच जवळचा घ्या. उदाहरणार्थ, 'मैदानावर संध्याकाळी पाच ते सात कुणी खेळायचं?' विधेयक लिहून काढा. तीन वाचनं करा. दुसऱ्या वाचनात निदान तीन दुरुस्त्या आल्याच पाहिजेत. दहापेक्षा कमी मुलं उरली तर गणपूर्ती नाही म्हणून खेळ थांबवा. कुणी मध्ये बोललं तर सभापतींनी त्याला खाली बसवायचं. सभापती मित्र असला तरी ऐकायचं!

मग दुसऱ्या दिवशी तोच खेळ पुन्हा खेळा, पण 'दीव' आणि 'दमण' यांना बाहेर बाकावर बसवा. ते पाहू शकतील, पण बोलू शकणार नाहीत. खेळ संपल्यावर त्या दोघांना विचारा, कसं वाटलं?

त्यांचं उत्तर वहीत लिहून ठेवा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात 'प्रतिनिधित्व' असा एक अवघड शब्द आहे. त्याचा अर्थ त्या उत्तरात सापडेल.